साडेपाच तास नव्हे, उंबरठा ते उंबरठा



मागच्या बुधवारी आमच्या स्वाध्यायानंतर पेढे वाटले गेले. मंडळातल्या एका वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर आपल्यातलं, नोकरी सिंगापूरला. वहिनींचा चेहरा आनंदी होता, पण डोळे भरलेले. ते बघून एकीने लगेच मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं, "मुंबई ते सिंगापूर ३९०० किलोमीटर, विमानाने साडेपाच तास." दुसरी म्हणाली, "म्हणजे काय, सकाळी डबा घेऊन निघाली तर दुपारच्या चहाला आईकडे!" सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या. त्यांना तेवढाच धीर आला.

मी हसले नाही. तिथे बोलणंही बरं दिसलं नसतं. पण घरी आल्यावर वाटलं, हे लिहायलाच हवं. कारण दहा वर्षांपूर्वी माझी लेक सिंगापूरला निघाली, तेव्हा हाच आकडा मी तिला सांगितला होता. "साडेपाच तासांत येशील गं," असं. तो आकडा खोटा नव्हता, पण खराही नव्हता, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आधी हिशेब नीट करू. आपण बायका भाजीवाल्याशी दोन रुपयांचा हिशेब करतो, मग लेकीच्या अंतराचा का करू नये?

मुंबईचा विमानतळ ते सिंगापूरचा चांगी विमानतळ हे अंतर सरळ रेषेत साधारण ३९०० किलोमीटर भरतं. विमान दख्खन ओलांडतं, बंगालच्या उपसागरावरून जातं आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या बाजूने खाली उतरतं. तिकिटावरचे साडेपाच तास म्हणजे इथल्या फलाटावरून हललेलं विमान तिथल्या फलाटाला लागेपर्यंतचे. त्यात आपलं घर कुठेच नसतं.

त्यातून घड्याळाची गंमत वेगळीच. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यामुळे इथून दुपारी ४ ला निघालात तर तिथे रात्रीचे १२ वाजलेले असतात. कागदावर आठ तास. आणि लेक तिथून संध्याकाळी ७ ला निघाली तर इथे रात्री १० ला उतरते. कागदावर तीनच तास! पहिल्यांदा तिकीट पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, माहेरी यायला तीन तास आणि सासरी जायला आठ, हे बरं आहे.

आता उंबरठ्यापासून मोजा. आम्ही माहीमला राहतो, म्हणजे विमानतळाच्या शेजारीच म्हणायचं. तरी टॅक्सीने अर्धा-पाऊण तास धरा. पाऊस असेल तर एक तास. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं. मग ते साडेपाच तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, आणि चांगीपासून लेकीच्या सेंगकांगच्या घरापर्यंत अर्धा तास. सगळं मिळून साडेदहा-अकरा तास होतात, तेही सगळं सुरळीत झालं तर.

अकरा तास म्हणजे किती, ते मला चांगलं माहीत आहे. माझं माहेर जयसिंगपूरचं. रात्री दादरला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी तिथे उजाडायचं. घरातून घरात जायला तेवढेच तास. मग सिंगापूर आणि जयसिंगपूर सारखंच की! फरक एवढाच, की जयसिंगपूरच्या अकरा तासांना कुणी कधी "फक्त" म्हटलं नाही. माझ्या आईने तर लग्नाआधीच मला समोर बसवून सांगितलं होतं, "तुझे दादा गेले, मी गेले, तर निरोप देऊ. पण वाट बघणार नाही. आलीस तर आलीस. त्याचं मनाला लावून घ्यायचं नाही." तेव्हा मला आईचा राग आला होता. लग्नाच्या तोंडावर असलं अभद्र कुणी बोलतं का?

दादा गेले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. फोन दुपारी आला, रात्रीची गाडी पकडली, सकाळी पोचले. सगळं आदल्या संध्याकाळीच आटोपलेलं होतं. मी खूप रडले. पण कुणावर रागावले नाही, कारण मला ते आधीपासून ठाऊक होतं. आईने ते ओझं माझ्या मनावरून पंधरा वर्षं आधीच उतरवून ठेवलं होतं, हे मला कळायला फार उशीर लागला.

आता २०२३ चा जुलै.

सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. महिनाभर अन्न कमी कमी होत गेलेलं. त्या दिवशी सकाळी आमचे हे णमोकार म्हणत उशाशी बसले होते, आणि साडेनऊला त्या शांतपणे गेल्या. मी तेव्हाच लेकीला फोन केला. तिकडे बाराचा सुमार, ती ऑफिसात. पहिलं वाक्य तिने काय म्हणावं? "आई, मी साडेपाच तासांवर आहे. आजीला ठेवा. मी येते."

ती साडेपाच तासांवर नव्हतीच. सकाळचं विमान गेलेलं होतं. पुढचं, जागा असलेलं, संध्याकाळी सातचं. घरी अकरा महिन्यांचं बाळ. त्याला जावयांकडे सोपवायचं, पासपोर्ट शोधायचा, पाचला चांगीला पोचायचं. रात्री दहाला उतरणार, भर पावसात घरी यायला सव्वाअकरा. म्हणजे साडेनऊपासून पावणेचौदा तास. आणि रात्री आपण अंत्यविधी करत नाही, म्हणजे थेट दुसरी सकाळ.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्यात देह ठेवत नाहीत. प्राण गेल्यावर अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतच, त्या देहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती सुरू होते असं आपण मानतो. जितका उशीर, तितकी हिंसा. ज्या बाईने आयुष्यभर पाणी गाळून प्यायलं, तिच्या देहाला बर्फाच्या लाद्यांवर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं? यांनी माझ्याकडे पाहिलं. दीरांनी पाहिलं. मी म्हणाले, "नाही थांबायचं."

दुपारी तीनला दादरच्या भागोजी कीर स्मशानभूमीत अग्नी दिला. तेव्हा सिंगापुरात साडेपाच वाजले होते आणि माझी लेक चांगीला तपासणीच्या रांगेत उभी होती. भाच्याने तिला मोबाइलवर दाखवलं. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि फोन ठेवला. तरीही ती विमानात बसली. रात्री सव्वाअकराला दारात उभी राहिली. चपला पायातच. म्हणाली, "आई, साडेपाच तास तूच म्हणाली होतीस ना?"

यावर मी काय बोलणार होते?

ती चार दिवस राहिली आणि गेली. पुढचं वर्षभर फोन यायचे, पण "बाळ बरं आहे, तू बरी आहेस ना" एवढेच. ज्यांच्या लेकी बोलायच्या थांबल्या आहेत, त्यांना हे समजेल. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

यात माझी चूक कुठली, ते सांगते. न थांबण्याचा निर्णय चूक नव्हता. आज पुन्हा तो दिवस आला तरी मी तेच करीन. चूक ही, की सासूबाईंनी मला हे दोन वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं आणि मी ते लेकीपर्यंत पोचवलं नाही.

झालं असं, की लेकीला दिवस राहिले तेव्हा तिने आजीला बोलावलं. पणतू बघायला ये म्हणाली. आम्ही सगळे मागे लागलो. विमानतळावर खुर्चीची सोय असते, जैन जेवण मिळतं, साडेपाच तासांचा तर प्रश्न! सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी माताजींकडून फार पूर्वी दिग्व्रत घेतलेलं होतं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हिमालय, आणि समुद्र ओलांडायचा नाही. मी म्हणाले, "आई, समुद्रात कुठे उतरायचंय? वरून जायचं." त्या म्हणाल्या, "वरून गेलं तरी ओलांडलाच की गं."

आणि मग त्याच ओघात म्हणाल्या, "मी तिकडे जायची नाही, आणि माझ्यासाठी कुणी धावत यायचं नाही. मला ठेवू नका. पोरीला सांगून ठेव."

मी सांगितलं नाही. गरोदर पोरीला असलं काय सांगायचं? मग बाळ लहान म्हणून नाही. मग बरं दिसत नाही म्हणून नाही.

दिग्व्रत आता आपल्यातल्या किती जणी घेतात? बारा व्रतांत ते येतं, आपण पाठही करतो, पण जुन्या काळच्या पायी प्रवासाची गोष्ट म्हणून सोडून देतो. मला आता वाटतं, विमानाच्या काळात हेच व्रत आपल्याला सगळ्यात जास्त शिकवणारं आहे. त्यात दहा दिशा मोजायला सांगितल्या आहेत, त्यांत वर आणि खालीसुद्धा येतात. मर्यादा धरायची ती नदी, डोंगर, समुद्र, गाव अशा ओळखीच्या खुणांनी किंवा योजनांच्या मापाने, म्हणजे पुढे विसरायला नको. त्याचे पाच अतिचार सांगितले आहेत. वरची मर्यादा ओलांडणं, खालची ओलांडणं, आडवी ओलांडणं, एका दिशेची कापून दुसरीकडे वाढवणं, आणि पाचवा, घातलेली मर्यादाच विसरून जाणं. मी व्रत घेतलेलं नाही, पण हा पाचवा दोष माझा आहे. लेक किती दूर आहे हे मी विसरले. आणि तिलाही विसरायला लावलं.

कुणी म्हणेल, आता अंतर उरलंय कुठे? रोज व्हिडिओवर भेटतो. मग २०२० आठवा. २३ मार्चला परदेशची नेहमीची विमानं बंद झाली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत सुरू झाली. मधे काही खास विमानं होती, पण त्यांचे नियम, तपासण्या, विलगीकरण आठवून बघा. किलोमीटर तेवढेच होते, ३९००. तास मात्र दोन वर्षांचे झाले.

आणि लांब कशाला, आमच्या माहीमचंच बघा. माहीम आणि वांद्रे यांच्यात खाडीचा एवढासा पट्टा. पण १८४५ मध्ये कॉजवे होईपर्यंत होडीने जावं लागायचं, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःचे दीड लाखावर रुपये दिले तेव्हा तो रस्ता झाला. आम्ही रोज ज्या लेडी जमशेटजी रोडवरून भाजी आणतो, तो त्यांच्याच नावाचा. पलीकडचा किनारा दिसतो म्हणजे तो जवळ आहे असं नसतं, हे त्या बाईला कळलं होतं. मोबाइलवर लेकीचा चेहरा दिसतो, त्याचंही तसंच आहे.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर, दशलक्षण पर्व झाल्यावर, मी एकटीच सिंगापूरला गेले. दुपारचं विमान होतं. सूर्यास्तापूर्वी जेवायचा माझा नियम. पंचांगात साडेसहाचा सूर्यास्त पाहून ठेवला होता, म्हणून विमानातलं जैन जेवण सव्वापाचला आलं तेव्हा म्हटलं, जरा थांबू, सहाला खाऊ. पावणेसहा-सहाच्या दरम्यान खिडकीबाहेर बघते तर अंधार! पूर्वेकडे जाताना आपण रात्रीच्या दिशेने धावत असतो, त्यामुळे सूर्यास्त मुंबईच्या आधीच गाठतो. नियम होता म्हणून ताट तसंच परत दिलं. तुम्ही दुपारी पूर्वेकडे जाणार असाल तर लक्षात ठेवा, मुंबईची वेळ धरू नका, जेवण आलं की जेवून घ्या. पश्चिमेकडे, म्हणजे दुबईला वगैरे जाताना उलट होतं, सूर्यास्त लांबतो. आणि जैन जेवण हवं तर तिकिटाबरोबरच सांगा, व्हीजेएमएल असा त्याचा कोड आहे. चांगीला उतरल्यावर मात्र सोपं आहे. तिथे वर्षभर सूर्य सातच्या आसपासच मावळतो, आपल्यासारखं हिवाळ्यात सहा आणि पावसाळ्यात सव्वासात असं नाही.

लेक घ्यायला आली होती. मी उपाशी आहे कळल्यावर रागावली, आणि त्या रागावण्यानेच वर्षाचं मौन सुटलं. दुसऱ्या दिवशी बाळ झोपल्यावर मी तिला आजीचा तो निरोप दिला. तीन वर्षं उशिरा. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी जुलैत धावले नसते आई. मे महिन्यातच आले असते. बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं असतं."

पणतू तिच्या मांडीवर बसला नाही तो अंतरामुळे नाही. साडेपाच तासांत केव्हाही पोचू, या भरवशाने आम्ही ते दिवाळीवर ढकललं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मुलींना परदेशी पाठवू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. जाऊ देत, शिकू देत, संसार करू देत. लेकीसाठी जे थांबतात, त्यांनाही मी नावं ठेवत नाही, ज्याचा त्याचा जीव असतो. पण अंतराचा खरा आकडा तिला निघतानाच सांगा. उंबरठा ते उंबरठा. ठरवून आली तर अकरा तास. अचानक निघाली तर पुढच्या विमानावर अवलंबून, चौदा तास, वीस तास, कदाचित दोन दिवस. आणि आता तर मुंबईचेही दोन विमानतळ झाले आहेत. आम्हाला शीतळादेवी स्टेशनवरून मेट्रोने सहारचं टर्मिनल दोन अर्ध्या तासाच्या आत. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ मात्र खाडीपलीकडे उलव्याला, अटल सेतूवरून गेलं तरी माहीमहून चाळीस किलोमीटरच्या घरात. तिकिटावर नुसतं मुंबई वाचून निघू नका, कुठली मुंबई तेही बघा.

दुसरं, घरातल्या थोरांची इच्छा त्यांच्याच तोंडून, लेकीच्या कानावर घाला. आपल्यामार्फत नको, आपण मधेच गिळतो. व्हिडिओवर एरवी भाजी कुठली केली ते विचारतोच, एक दिवस हेही बोलायला लावा. अभद्र काही नाही त्यात. रोज समाधिमरणाची भावना म्हणायची आणि मरणाचा विषय निघाला की तोंडावर हात ठेवायचा, याला काय अर्थ?

तिसरं, सुट्ट्या मरणासाठी राखून ठेवू नका. माणूस बोलतंय, ओळखतंय, तोवर या. बाळाचा पासपोर्ट आधीच काढून ठेवा.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे. माझ्या अक्षरात, लेकीच्या सहीचा. त्यावर लिहिलंय, "आईला ठेवायचं नाही. दर वर्षी मे महिन्यात यायचं." सही करताना ती रडली, पण केली.

येत्या बुधवारी स्वाध्यायानंतर मी त्या वहिनींना बाजूला बोलावणार आहे. लग्नाच्या तोंडावर असलं अभद्र काय बोलते, असं त्यांना वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

जय जिनेंद्र.